आवटी आक्कांचं विरजण

नागीण अंगावरून गेली, पण जाताना आपली वाट मागे ठेवून गेली. पाठीच्या कण्यापासून निघून डाव्या बरगडीखालून थेट पोटापर्यंत आलेला चार बोटं रुंदीचा एक पट्टा. त्यावर आता फोड नव्हते, डाग नव्हते, बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. पण तिथे मलमलीचा कपडा जरी टेकला तरी शैलजा मगदूम यांचा श्वास अडकायचा. पंख्याचा वारासुद्धा सोसायचा नाही.

शैलजाबाईंनी सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेत उभी हयात पी.टी. शिकवली होती. खो-खोच्या मैदानावर मुरगळलेले घोटे आणि सोललेले गुडघे त्यांनी इतके पाहिले होते, की दुखण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "रडायचं नंतर. आधी पाय दाखव," असं त्या मुलींना दरडावायच्या. त्यामुळे स्वतःवर वेळ आली तेव्हा कोणापाशी कण्हायचीही चोरी झाली.

उपाय सगळे झाले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं थोडं बोथट व्हायचं, पण दिवसभर डोळ्यांवर झापड राहायची. नणंदेनं काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळून दिलं. त्यानं झोप बरी लागली, पट्टा मात्र तसाच. ओव्याचा शेक झाला. मिरचीच्या अर्काचं मलम झालं, त्यानं आधी जीव जायची पाळी आली आणि मग दोन-तीन तास खरोखरच आराम पडला. मिरजेला जाऊन सुयाही टोचून घेतल्या. प्रत्येक उपाय थोडासा लागू पडायचा आणि वाटेत सोडून जायचा. विलासराव, त्यांचे यजमान, बाहेरच्या खोलीत झोपू लागले. झोपेत चुकून हात लागला तर, या धास्तीनं.

अशा वेळी तन्वीर नदाफ त्यांच्या घरी आला.

"मॅडम, ओळखलं नसेल तुम्ही. तुमच्या संघातल्या रिझवानाचा मी धाकटा भाऊ. तुमच्या दुखण्याचं तिच्याकडूनच कळलं."

"रिझवाना? ती खांबाशी फसवायची ती?" शैलजाबाईंचा चेहरा उजळला. "बस ना. काय करतोस तू?"

तन्वीर डॉक्टर होता, पण गोळ्या देणारा नव्हे. नदीपलीकडे निघालेल्या नव्या संशोधन संस्थेत तो चेतातंतूंवर काम करायचा. त्यानं पिशवीतून एक झाकणाचं भांडं काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत दही होतं. साधं, पांढरं, घट्ट लागलेलं.

"हे औषध?" विलासरावांनी वाकून वास घेतला.

"हेच औषध, काका. म्हणजे यातले जिवाणू." तन्वीर खुर्चीच्या कडेवर सरकला. आवडता विषय निघाला की तो असाच बसायचा. "चेतातंतूच्या भिंतीला इवलीइवली दारं असतात. ती उघडली की सोडियम आत शिरतं, आणि 'दुखतंय' हा निरोप पुढे मेंदूकडे जातो. चटका बसला, दार उघडलं, निरोप गेला, दार मिटलं. असं व्हायला पाहिजे. पण नागिणीनं तुमचा एक तंतू जखमी केलाय. त्याची दारं आता विनाकारण उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. कोणी मारत नाही, भाजत नाही, तरी निरोप चालूच."

"मग दारं बंद करून टाका की."

"सगळी बंद केली तर खरं दुखणंही कळणार नाही. म्हणून आम्ही असा रेणू शोधला, जो सतत आपटणाऱ्या दारातच अडकतो. शांत दाराला तो हात लावत नाही. हा रेणू तयार करायचं जनुक आम्ही दह्यातल्या एका जिवाणूत घातलं. तुम्ही दही खायचं, तो पोटात बसून रेणू बनवत राहणार. गोळी नको, सुई नको."

"आणि उद्या याच्यावरून दुसरं दही लावलं तर?"

तन्वीर हसला. प्रश्न बरोबर ठिकाणी लागला होता. "म्हणूनच यात एक उणीव ठेवलीय, मॅडम. या जिवाणूला एक पोषकद्रव्य स्वतःला बनवताच येत नाही. ते या पुड्यांत आहे. विरजण लावताना दुधात ही पूड घातली तरच तो जगतो. नाही घातली, तर एक-दोनदा दही लागेल आणि मग तो मरून जाईल. तरीही एक कबूल करा. हे दही घराबाहेर द्यायचं नाही. प्रयोग आहे हा."

शैलजाबाईंनी कबूल केलं.

त्यांच्या पाठीवर तन्वीरनं एक पातळ पट्टी चिकटवली होती. जखमी तंतूची खळबळ ती मोजायची आणि फोनवर रेघ उमटायची. पहिले काही दिवस ती रेघ करवतीच्या दातांसारखी होती. मग दातांची धार कमी होत गेली. एका सकाळी शैलजाबाई आंघोळीहून आल्या, साडी नेसल्या, पदर खोचला, चहा ठेवला, आणि आधण उकळू लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण साडी नेसलोय. गाऊन नाही, साडी. कमरेला पाचवारी आवळून.

"अहो," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे या."

विलासराव धावत आले. बाई ओट्याशी उभ्या होत्या आणि हसत होत्या. "हात ठेवा इथे. ठेवा हो, घाबरता काय!"

त्यांनी बिचकत हात ठेवला. शैलजाबाईंना तो जाणवला. उबदार. फक्त हात. चहा उतू गेला, तरी दोघांपैकी कोणी गॅस बंद केला नाही.

*

शेजारच्या आवटी आक्कांना बरीच वर्षं साखर होती आणि तिनं त्यांचे तळपाय खाल्ले होते. एका दुपारी त्या वाटी घेऊन दारात आल्या.

"बाई, इरजण हाय का गं जरा? आमचं आंबूस झालंय."

दुसरं विरजण घरात होतंही. विलासरावांसाठीचं साधं दही वेगळ्या भांड्यात लागायचं. शैलजाबाई फ्रीज उघडून उभ्या राहिल्या. मागे आक्का भिंतीला धरून एक पाय वर घेत होत्या, मग दुसरा, जशी तापल्या फरशीवर उभ्या आहेत.

"पाय पेटल्यासारखे होतात का?"

"पेटल्यागत न्हाई, पेटलेतच. बादलीत बुडवून बसते बघ. सुनंनं काय कमी केलंय व्हय? एरंडेल चोळती, मेथ्या देती, अडुळशाच्या पाल्यात पाय गुंडाळून झालं. खरं झोप म्हणून लागंना." आक्का बोलता बोलता थांबल्या. "तू कशी गं बरी झालीस? परवा तर जिन्यानं धावत वर गेलीस."

शैलजाबाईंनी दोन्ही भांड्यांकडे पाहिलं. पूड नसेल तर जिवाणू मरतोच, तन्वीरनंच सांगितलं होतं. म्हणजे नुकसान काहीच नाही. दोन-चार दिवस या बाईला झोप लागेल, मग दही पुन्हा साधं होईल. कबूल केलेलं त्यांना आठवत होतं. तरी चमचा त्यांनी झाकणाच्या भांड्यात घातला.

आक्कांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी लागली, आठवडा उलटला तरी लागत राहिली. महिन्यानंतर आक्का चपला घालून गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागल्या.

शैलजाबाईंना आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याहून जास्त त्यांना कोडं पडलं. दही मरायला हवं होतं. ते मेलं का नाही?

त्याच सुमारास त्या आवटींच्या स्वयंपाकघरात शिरल्या. आक्कांची सून प्रणाली घरून डबे चालवायची. कॉलेजची शंभरेक मुलं तिच्या हातच्या भाकरीवर जगायची. नवरा बेळगावला कामाला, त्यामुळे सकाळपासून ती एकटीच तव्याशी. बोलता बोलता तिनं बोटं तव्याला टेकवतच भाकरी उलटली, दुसरी थापली. शैलजाबाईंचं बोलणं मध्येच तुटलं.

"प्रणाली, हात दाखव."

"काय झालं ओ मॅडम?"

"आधी हात दाखव."

उजव्या हाताच्या तीन बोटांची पेरं पांढरी पडून फुगली होती. एका ठिकाणी कातडी सुटली होती आणि खालचं लाल दिसत होतं. तिनंही ते तेव्हाच पाहिलं. वाकडं तोंड केलं नाही, हात झटकला नाही. कोणाचा तरी दुसऱ्याचाच हात असावा तशी बघत राहिली.

"हे कधी झालं?" ती म्हणाली. "मला कसं कळलं नाही?"

शैलजाबाईंनी तिचा हात नळाखाली धरला. "प्रणाली, आक्कांचं दही तू पण खातेस?"

"सगळेच खातो. डब्यात ताक पण त्याचंच. मुलांना लई आवडतंय."

*

"सांगायलाच हवं का?" विलासराव म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. गेले दोन महिने ते पुन्हा आपल्या खोलीत झोपत होते, संध्याकाळी बायकोबरोबर कृष्णेच्या घाटावर फिरत होते. "प्रणालीला म्हणू, ते दही टाकून दे. विषय संपला. तू तन्वीरला सांगितलंस तर तुझंही बंद होईल. पुन्हा तो पट्टा…"

"माहीत आहे मला."

"मग?"

"डब्यातनं शंभर पोरं ताक पितात. त्यातलं एखादं पायात खिळा घेऊन दिवसभर हिंडेल आणि त्याला कळणार नाही. तेच ताक त्यांनी खोलीवर विरजायला नेलं असेल तर? मला मोजता येत नाही, अहो. तन्वीरला येईल."

त्यांनी फोन लावला आणि आडवळण न घेता सांगितलं, "मी दिलं. जाणूनबुजून दिलं. प्रणालीचा हात भाजलाय, तू लगेच ये."

तन्वीर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग होता. पण आवटींच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर तो राग टिकला नाही. त्यानं प्रणालीच्या जखमेवर पट्टी बांधली. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि बोटांवर एकदा गरम, एकदा गार सळई टेकवली. शैलजाबाईंना प्रत्येक वेळी बरोबर ओळखता आलं. प्रणालीला एकदाही नाही. आक्कांनाही नाही.

"म्हणजे यातला रेणू शांत दारंसुद्धा अडवतोय," तो स्वतःशीच पुटपुटला. "आमचा असा नव्हता. आणि पूड नसताना जगला कसा?" तो प्रणालीकडे वळला. "ताई, दही कसं लावता? अगदी पहिल्यापासून सांगा."

"कसं म्हणजे? दूध कोमट करायचं, विरजण घालायचं, मिरचीची देठं टाकायची, झाकून ठेवायचं."

"मिरचीची देठं?"

"घट्ट लागतं त्यानं," आक्का म्हणाल्या. "आमच्यात पयल्यापासनं टाकत्यात. इरजण नसलं तर नुसत्या देठावर बी लागतंय."

तन्वीर खाली पाटावर बसला. मग टोपलीतली एक हिरवी मिरची उचलून तिचं देठ त्यानं उजेडात धरलं.

"यावर रानटी जिवाणू असतात," तो हळू म्हणाला. "दही लावणारेच. पण दांडगे. त्यांना पूड लागत नाही, कोणाची मेहरबानी लागत नाही. आमचं जनुक डीएनएच्या एका छोट्या कड्यावर बसवलेलं होतं. जिवाणू शेजाऱ्याला असं कडं देऊन टाकतात, अगदी सहज. एकाच भांड्यात आमचा लुळा जिवाणू आणि हा दांडगा. आमचा मरायच्या आधी आपलं कडं याला देऊन गेला. आणि हा ताकदवान, म्हणून रेणू बनवतोय तो दसपट. इतका झाला की शांत दारंही अडतात."

त्याला घाबरायला हवं होतं, आणि तो घाबरलाही होता. पण त्याचे डोळे लकाकत होते. शैलजाबाईंनी ते पाहिलं. आणि आपल्यालाही काळजीच्या आत कुठेतरी मजा वाटतेय, हे कळून त्यांना थोडी लाज वाटली.

"आम्ही पाच वर्षं याला कुलपं लावत होतो," तन्वीर म्हणाला, "आणि यानं स्वयंपाकघरात दार काढलं."

"आता पुढं काय करायचं, ते बोला की," प्रणालीनं दोघांना जमिनीवर आणलं.

पुढचं सोपं नव्हतं. हे दही जिथे जिथे गेलं असेल तिथून परत घ्यायचं, भांडी उकळत्या पाण्यानं धुवायची, खाल्लेल्यांना काही दिवस एक औषध द्यायचं, म्हणजे पोटातले जिवाणू निघून जातील. डबा खाणाऱ्या मुलांना कळवणं आलं.

"मुलांना मी सांगणार," प्रणाली म्हणाली. "माझ्या डब्यातनं गेलंय. दुसऱ्या कोणाकडनं कळलं तर परत माझ्या हातचं कोण खाईल?" तिनं पट्टी बांधलेल्या हातानंच फोन उचलला आणि एकेकाला लावू लागली.

आक्का मात्र दह्याचा सट, ते चिनीमातीचं झाकणाचं भांडं, पोटाशी धरून बसल्या.

"मी देत न्हाई."

"आक्का," तन्वीर समजावू लागला, "तुम्हाला गरम-गार कळत नाही. उद्या पायाला जखम झाली तरी…"

"न्हाई कळत तर न्हाई कळत. ह्या वयात मला गरम-गार कळून काय करायचंय? इतकी वरसं नुसतं तेवढंच कळत हुतं की, दुसरं कायबी न्हाई. आता कुठं देवळापतूर जाते. तुमी सुनंचं घ्या, पोरांचं घ्या. माझं ऱ्हाऊ द्या."

शैलजाबाई आक्कांशेजारी जमिनीवर बसल्या.

"आक्का, चूक माझी आहे. तुम्हाला न सांगता, न विचारता दिलं मी. आता घेतानाही जबरदस्ती करणार नाही."

"मग?"

"माझंही बंद होतंय. आजपासून."

आक्कांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुजं का? तुजं तर चांगलंय की. तुला गरम-गार कळतंय."

"हे सगळं माझ्यापासून सुरू झालं. ते वर सांगितलं की प्रयोग थांबणार. थांबवायलाच हवा."

पलीकडे प्रणाली फोनवर बोलत होती. "हो रे, ताकच. नाही, घाबरू नकोस. पण अंगाला कुठं भाजलंय, कापलंय का ते नीट बघ. नुसतं आठवू नकोस, डोळ्यानं बघ. काय? रक्त?… कुठं?… बरं बरं, नीट धुवून दवाखान्यात जा. आत्ताच जा." तिनं फोन ठेवला. "त्या पाटलाच्या पोराच्या पायात काच आहे म्हणतंय. बुटात रक्त बघून कळलं त्याला."

आक्कांनी सटावरचं झाकण काढलं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"ते लेकरू मला आज्जी म्हणतंय," त्या म्हणाल्या. मग सट तन्वीरपुढे सरकवला, पण हात काढला नाही. "ह्ये समदं मारून टाकणार तुमी?"

"बाहेरचं सगळं. हो."

"आन् आतलं? तुमच्या कपाटात?"

"एक नमुना आम्ही गोठवून ठेवू. अभ्यासाला."

"जित्ता?"

"जिवंत. झोपवून ठेवलेला."

"मग ठेवा. आन् त्येला शिकवा जरा. लई दांडगाई करू नगंस म्हणावं." आक्कांनी हात काढून घेतला. "दुखणं थोडं ठेव म्हणावं माणसाला. कामापुरतं."

तन्वीरनं नमुन्याची कुपी भरली. वर काय लिहावं यासाठी तो क्षणभर थांबला आणि मग त्यानं 'आवटी' असं लिहिलं.

*

प्रयोग थांबला. चौकशी झाली. शैलजाबाईंनी समितीपुढे जाऊन जे घडलं ते सगळं सांगितलं. तन्वीरची नोकरी राहिली, पण दुसऱ्या विभागात. पाटलाच्या मुलाचा पाय बरा झाला. प्रणालीची काही गिऱ्हाइकं गेली, बरीचशी टिकली. सगळ्यात आधी हिनंच सांगितलं, एवढं मुलांनी लक्षात ठेवलं.

पट्टा परत आला. आधी मुंग्यांसारखा, मग ठिणग्यांसारखा, मग पूर्वीसारखाच. शैलजाबाई पुन्हा गाऊनमध्ये आल्या. पण यावेळी विलासराव बाहेरच्या खोलीत गेले नाहीत. मध्ये एक लोड ठेवून तिथेच झोपू लागले. "चुकून लागलाच हात तर ओरड," ते म्हणाले. "मी काही मरत नाही तुझ्या ओरडण्यानं." आणि आक्का रोज दुपारी बादली घेऊन शैलजाबाईंकडे यायच्या. एकजण बादलीत पाय बुडवून बसायची, दुसरी मिरचीचं मलम लावून दात आवळायची. कोणाचं आज जास्त आहे यावर दोघी भांडायच्या.

तन्वीर अधूनमधून फोन करायचा. नव्या विभागातलं काम आटोपलं की तो जुन्या प्रयोगशाळेत जाऊन बसतो, हे त्याच्या बोलण्यातून कळायचं. मिरचीच्या देठावरचा तो दांडगा जिवाणू त्याला सोडत नव्हता. पोटात तो जास्त काळ टिकायचा, कमी दुधात लागायचा, थंडीतही मरायचा नाही. फक्त त्याचा हात आवरायला हवा होता. रेणू किती बनवायचा याची वेसण तन्वीरनं त्याच्या जनुकातच घातली, आणि ते कडंही सोडवून मुख्य जनुकसूत्रात शिवून टाकलं, म्हणजे शेजाऱ्याला देता येणार नाही. आधी उंदीर झाले. मग संस्थेतली धडधाकट माणसं झाली. दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परवानगी मिळाली. यावेळी समितीची एक अट होती. ज्याच्या घरी दही जाईल त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही आधी बोलावून सगळं समजावून सांगायचं. शैलजाबाईंच्या हॉलमध्ये अख्खी गल्ली बसली, आणि तन्वीरनं दारांची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली.

शैलजाबाईंचं आणि आक्कांचं दही सुरू झालं. हळूहळू फोनवरच्या रेघेचे दात झिजले. पण खरी परीक्षा ती नव्हती, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. ठरल्या दिवशी तन्वीर आला. प्रणाली हात पुसत आली, विलासराव पेपर बाजूला ठेवून उभे राहिले. शैलजाबाई साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी आक्का.

"कपडा लागतोय?" तन्वीरनं विचारलं.

"लागतोय. दुखत नाही."

"डोळे मिटा."

त्यानं त्यांचा हात हातात घेतला. तर्जनीच्या टोकावर काहीतरी गार टेकलं, आणि पुढच्याच क्षणी—

"आई गं!" त्या किंचाळल्या आणि हात खसकन मागे ओढला. बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. "अरे मेल्या, केवढ्यानं टोचलंस!"

विलासराव मोठ्यानं हसले. प्रणालीनं टाळी वाजवली. तन्वीर हातातल्या सुईकडे बघत नुसता उभा होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"दुखलं?" आक्कांनी विचारलं. "खरंच दुखलं?"

"दुखलं की! बघा, रक्त आलंय."

आक्कांनी तो थेंब नीट निरखून पाहिला. मग पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली आणि आपला सुरकुतलेला हात तन्वीरपुढे धरला.

"आता मला टोच."